फोडणी बाजूला, तवा आधी: घरच्या घरी झटपट मेक्सिकन जेवण

मेक्सिकन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चीजमध्ये न्हालेला नाचोचा डोंगर येतो, नाहीतर फूड कोर्टातला दोन्ही हातांनी धरावा लागणारा बरिटो. त्यातलं बरंचसं मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर आणि पलीकडे टेक्सासात घडलेलं खाणं आहे. नाचोचा जन्मही सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास गावातला. तिथल्या इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने १९४०च्या सुमारास अवेळी आलेल्या गिऱ्हाइकांपुढे हाताशी होतं ते जुळवून ठेवलं आणि त्याचंच लाडाचं नाव त्या पदार्थाला चिकटलं. खायला मजा येते, त्याबद्दल वाद नाही. पण मेक्सिको सिटीतल्या चारचौघांसारख्या घरात दुपारी दोन-तीनला जे जेवण वाढलं जातं, त्यात यातलं काहीच नसतं. तिथे असतं पातळ सूप, थोडा टोमॅटोचा भात, वाटीभर रसरशीत घेवडे (आपल्या राजम्यासारखे दाणे), एखादी भाजी किंवा कोंबडी-मासळी, कापडात गुंडाळलेल्या गरम टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळ्या, मधोमध साल्साची, म्हणजे चटणीची, वाटी आणि फळाफुलाच्या पाण्याचा मोठा जग.

आपल्याला शिकायचंय ते हे जेवण. शिजवलेला राजमा, भाजलेल्या टोमॅटोचा साल्सा आणि टॉर्टिया या तीन गोष्टी हाताशी असल्या की बाकी नुसती जुळवाजुळव उरते आणि वीस मिनिटांत पानं वाढता येतात. मात्र एक सवय मोडावी लागते. गॅस पेटवला की आपला हात आपसूक तेलाकडे जातो, पाठोपाठ मोहरी, जिरं, हिंग, हळद. मेक्सिकन चव कोरड्या तव्यावर सुरू होते. टोमॅटो, कांदा, सालासकट लसूण, मिरची हे सगळं तेलाच्या थेंबाशिवाय काळे डाग पडेपर्यंत भाजायचं. हळद नाही, गरम मसाला नाही, जिरं घातलंच तर चिमूटभर. थोडी ‘आपली चव’ आणायचा मोह सुरुवातीला आवरा. नाहीतर होतो तो राजमा मसालाच, फक्त पोळीत गुंडाळलेला.

पौष्टिकतेचं म्हणाल, तर मेक्सिकन म्हणजे आपोआप पौष्टिक असं अजिबात नाही. शीतपेयं आणि पाकीटबंद खाण्यापायी त्या देशाने लठ्ठपणा आणि मधुमेह चांगलाच ओढवून घेतलाय. म्हणूनच २०१४ मध्ये तिथे गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसला आणि २०२० पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के छापणं सक्तीचं झालं. पौष्टिक आहे ते जुनं घरगुती जेवण, ज्याला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावायची तिथली मिल्पा पद्धत हजारो वर्षांची आहे आणि ताटातही तीच तिघं भेटतात. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते घेवडा पुरवतो. घेवड्यात जे कमी ते मका भरून काढतो. आपल्या वरणभाताचं गणितही हेच. शिवाय तिथे टॉर्टियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवूनच दळतात. त्यामुळे कॅल्शियम वाढतं आणि मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका उचलला, पण चुन्याची पायरी मागेच ठेवली. उत्तर इटलीत मक्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांना नायासिनच्या कमतरतेने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने गाठलं, ते त्यामुळेच.

बाजारात जाण्याआधी

आधी काय आणायचं नाही ते बघू. होडीच्या आकाराचे कडक टाको शेल, टाको मसाल्याची पाकिटं, बाटलीतला साल्सा, चीज सॉस. यातलं काहीही लागत नाही. पैसे वाचतात आणि पोटात जाणारं मीठही.

लागणारं बहुतेक सामान भाजीवाल्याकडेच मिळतं आणि त्यात नवल नाही. टोमॅटो, मिरची, मका, राजमा, लाल भोपळा, पेरू, सीताफळ ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आले त्यानंतर आपल्या मातीत रुळलेली. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मूळ घरही दक्षिण मेक्सिकोच्या बाजूचं. उलट कोथिंबीर, कांदा, लसूण, लिंबू आणि तांदूळ स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. मेक्सिकोत प्रत्येक टेबलावर फोडी करून ठेवलेलं असतं ते छोटं हिरवं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू, दोघांची जात एकच. त्यामुळे लिंबाच्या बाबतीत आपण अमेरिकेतल्या वाचकांपेक्षा सुदैवी. त्यांना दुकानात बहुधा मोठं, जाड सालीचं, कमी वासाचं लिंबू मिळतं.

मिरच्यांचं जरा नीट बघावं लागतं. तिकडच्या सेर्रानो नावाच्या मिरचीच्या जागी आपली साधी हिरवी मिरची चालते, फक्त लवंगी नको. सुक्या मिरच्यांत ग्वाहियो ही लांबट, लालभडक, बेताच्या तिखटाची मिरची रोजच्या वापरातली. तिच्या जवळ जाणारी आपली ब्याडगी. आंचो नावाची दुसरी एक काळपट, गोडसर मिरची आहे. तिची चव ब्याडगीत नाही, म्हणून मी ब्याडगी भिजवताना सोबत दोन काळ्या मनुका टाकते. धुराचा वास असलेली चिपोत्ले म्हणजे पिकून लाल झालेली हालापेन्यो धुरीवर वाळवलेली. परदेशी मालाच्या दुकानात ती डब्यात मिळते. एक डबा आणला की उरलेल्या मिरच्या एकेक सुटी करून फ्रीझरमध्ये टाका, सहा महिने पुरतात. डबा नाहीच मिळाला तर स्मोक्ड पाप्रिका, म्हणजे धुराच्या वासाची लाल मिरची पूड, अर्धा चमचा.

तिकडच्या ताज्या भुसभुशीत चीजऐवजी पनीर उत्तम, पण दुकानातलं रबरासारखं ठोकळ्याचं नको. घरी अर्धा लिटर दूध लिंबाने फाडा, पंचातून निथळा, वजन न ठेवता मीठ घालून हाताने मोकळं करा. आंबट क्रीमच्या जागी चक्क्यात चिमूटभर मीठ आणि थोडं दूध घालून फेटलं की झालं. मेक्सिकन ओरेगानो आणि पिझ्झाबरोबर येणारा ओरेगानो ही दोन निरनिराळी झाडं आहेत. पाकिटातला घेतलात तर निम्माच घाला. आणि राजम्यात तिकडे एपासोते नावाचा उग्र पाला टाकतात. तो आपल्याकडे मिळत नाही, सरळ सोडून द्या. त्याच्या जागी ओवा-हिंग घालायचं डोक्यात येईल. नका घालू.

पहिली पायरी: आठवड्याचा राजमा

हे रविवारचं काम. पाव किलो राजमा घ्या. चित्रा राजमा मेक्सिकोतल्या ठिपक्यांच्या पिंतो घेवड्याच्या जवळ जातो आणि लवकर शिजतो. काळा राजमा मिळाला तर फारच छान. वेराक्रूस आणि ओआहाका या राज्यांकडे काळाच खातात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका. कुकरमध्ये ताजं पाणी राजम्याच्या वर चार बोटं येईल इतकं, अर्धा कांदा न चिरता तसाच, तीन पाकळ्या लसूण आणि चमचाभर तेल. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून वीस ते पंचवीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. झाकण उघडून मीठ घाला आणि पाच मिनिटं उघडंच उकळा.

दाणा दोन बोटांत दाबला तर लोण्यासारखा चिरडला पाहिजे. मधे खडा लागला तर पुन्हा कुकर लावा, लाजू नका. कच्चट राजमा फक्त बेचव नसतो, त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. म्हणून मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तो थेट शिजवायला टाकू नये. आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळून घ्यावा.

आणि तो रस ओतून देऊ नका! अर्धी चव त्यात आहे. पुढे सूप, सॉस, भात सगळ्याला तो लागतो. रसासकट काचेच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला तर तीन-चार दिवस चांगला राहतो. त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीझर.

दुसरी पायरी: तव्यावरचा साल्सा

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. तिकडे या कामाला कोमाल नावाचा सपाट तवा असतो, मातीचा किंवा पत्र्याचा. आपला बिडाचा किंवा लोखंडी तवा हेच काम करतो. नॉनस्टिक नको, रिकामा, कोरडा आणि कडक तापवणं त्याला मानवत नाही. टोमॅटोच्या आंबटपणाने लोखंडी तव्याचं तेलपाणी जातं असं वाटत असेल तर वर ॲल्युमिनियमची फॉइल पसरा. मेक्सिकोतल्या गृहिणीही तेच करतात.

चार मध्यम पिकलेले टोमॅटो अख्खे ठेवा. अर्ध्या कांद्याच्या दोन जाड चकत्या, दोन-तीन लसूण पाकळ्या सालासकट, दोन हिरव्या मिरच्या देठासकट. तवा मध्यम आचेवर तापला की सगळं एकदम मांडा आणि हात आवरा. सारखं हलवलं तर डाग पडत नाहीत. मिरची सगळ्यात आधी होते, तीन-चार मिनिटांत. तिला आधी सुरीचं टोक टोचून ठेवा, नाहीतर फट्कन फुटते. लसणाचं साल करपतं पण आतली पाकळी मऊ, गोड होते, बोटाने दाबली की सालातून घसरून बाहेर येते. कांद्याच्या कडा काळ्या व्हायला हव्यात. टोमॅटोला बारा-पंधरा मिनिटं लागतात. त्याची त्वचा तडकते, रस तव्यावर सांडून चर्र होतो, देठाकडचा भाग बसतो. खालून काळा आणि आतून लिबलिबीत झाला की उतरवा. काळी सालं काढू नका; फारच कोळसा झाला असेल तेवढाच भाग टाका.

आता लसूण, मिरची आणि पाऊण चमचा मीठ आधी खलबत्त्यात वाटा, मग टोमॅटो घालून ठेचा, शेवटी कांदा बारीक चिरून मिसळा. तिकडे मोल्काहेते या ज्वालामुखी दगडाच्या तीन पायांच्या खलात हे करतात. मिक्सर वापरायचा तर नुसते दोन-तीन झटके द्या. सतत फिरवला की हवा भरते, रंग गुलाबी पडतो आणि तो साल्सा न राहता टोमॅटोची प्युरी होते. वरून कोथिंबीर. चव बघून लिंबू, पण टोमॅटो आंबट असेल तर नको.

सुक्या मिरचीचा साल्सा करायचा तर सहा ब्याडग्या उघडून बिया काढा आणि गरम तव्यावर एकेका बाजूने दहा सेकंद दाबा. खमंग वास आला की लगेच उचला. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर कडू होतात आणि तो कडवटपणा साखरेने, लिंबाने, कशानेच जात नाही; त्या फेकून नव्या घ्या. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून भाजलेल्या टोमॅटो-लसणाबरोबर अगदी मऊ वाटा आणि गाळा.

हिरवा साल्सा तोमातियो नावाच्या, कागदी आवरणातल्या आंबट फळाचा असतो. ते आपल्याकडे सहसा मिळत नाही. कच्चे हिरवे टोमॅटो असेच भाजून त्याचा साल्सा करता येतो. तोमातियोची चव ती नव्हे, पण फार चांगली लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा साल्सा वरून घ्यायचा असेल तर तसाच. पण भाजीचा किंवा सुपाचा आधार करायचा असेल तर कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवून त्यात एकदम ओता आणि रंग गडद होईपर्यंत पाच-सहा मिनिटं परता. तेल इथे येतं, शेवटी आणि थोडं. हे ‘साल्सा तळणं’ चुकवलं की सूप पाणचट लागतं.

तिसरी पायरी: टॉर्टिया

मक्याच्या टॉर्टियासाठी मासा हारिना लागतं, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं वाळवलेलं पीठ. ऑनलाइन मिळतं, तिकडे घरोघरी दिसतो तो ब्रँड मासेका. आपल्या गिरणीतलं मक्याचं पीठ हे नव्हे. त्याची भाकरी होते, पण टॉर्टिया घडी घालताच मोडते. कॉर्नफ्लोअर तर नुसता स्टार्च, त्याचा इथे काही संबंध नाही.

दोन कप मासा हारिनात दीड कप कोमट पाणी, चिमूटभर मीठ. मळून पंधरा मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून बघा. कडा चिरल्या तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त. दुधाची पिशवी धुऊन, कापून तिचे दोन गोल करा, मधे गोळा ठेवा आणि पोळपाटावर जड, सपाट बुडाच्या भांड्याने दाबा. लाटण्याची गरज नाही. तापलेल्या तव्यावर पहिली बाजू जेमतेम वीस सेकंद, कडा सुटेपर्यंत. उलटा, आता मिनिटभर. पुन्हा उलटा आणि फडक्याने मधोमध हलकं दाबा. नीट जमलेली टॉर्टिया इथे फुगते. उतरवून लगेच कापडात गुंडाळा, एकावर एक. दहा मिनिटं आपल्याच वाफेत मुरल्यावर त्या मऊ पडतात. तव्यावरून थेट ताटात वाढलेली पहिली टॉर्टिया कडक लागली म्हणून खचू नका.

मासा हारिना मिळालं नाही? मग गव्हाची करा. सोनोरा, चिवावा या उत्तरेकडच्या राज्यांत गव्हाच्याच टॉर्टिया खातात, त्यामुळे अस्सलपणा कुठे बुडत नाही. दोन कप कणीक, तीन चमचे तेल, मीठ, गरम पाणी. मळून अर्धा तास ठेवा, फुलक्यापेक्षा किंचित जाड लाटा, तव्यावरच भाजा, विस्तवावर नाही. दुकानातल्या टॉर्टिया रॅपमध्ये बहुधा मैदाच असतो. पाकिटामागचं वाचून घ्या.

घरी मका शिजवून दळायची हौस असेल तर जमतं, पण पहिल्या महिन्यात त्या नादी लागू नका. पद्धत सांगून ठेवते. अर्धा किलो सुका मका, तोही स्वीटकॉर्न किंवा पॉपकॉर्नचा नव्हे. दीड लिटर पाण्यात चमचाभर खायचा चुना, म्हणजे कोरडी पूड असेल तर पाच ग्रॅम. रंगाच्या दुकानातला चुना किंवा चुनकळी मुळीच नको. स्टीलच्या पातेल्यात पाऊण तास शिजवा. ॲल्युमिनियम चुन्याने खराब होतं. रात्रभर तसाच ठेवला की सकाळी दाणा चोळल्यावर साल निघतं. तीन-चार पाण्यांनी धुऊन वाटायचा. इथे साधा मिक्सर धापा टाकतो. डोशाचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर असेल तरच हात घाला.

आता वीस मिनिटांची जेवणं

सगळ्यात सोपी सुरुवात अंड्याने. कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो, म्हणजे मेक्सिकोच्या झेंड्याचे पांढरा, हिरवा, लाल हे तीन रंग. म्हणून नावही वेवोस आ ला मेहिकाना, मेक्सिकन पद्धतीची अंडी. दोन चमचे तेलात कांदा-मिरची मिनिटभर, बिया काढलेला टोमॅटो दोन-तीन मिनिटं, मग चार अंडी हलकी फेटून. भुर्जीसारखी कोरडी, दाणेदार करायची नाहीत. आच मंद, पळी सावकाश, आणि अजून ओलसर आहेत तोवरच उतरवायची. बाजूला राजमा आणि दोन टॉर्टिया.

माझी आवडती एन्फ्रिहोलादास. दोन कप राजमा रसासकट मिक्सरमध्ये फिरवा, सैलसर, आमटीइतका. थोड्या तेलात लसूण आणि अर्धा चमचा लाल मिरचीची पेस्ट परतून त्यात तो ओता, उकळी आली की गॅस बारीक. गरम टॉर्टिया त्यात बुचकळायची, दुमडून ताटात ठेवायची. माणशी तीन. वरून कच्च्या कांद्याच्या पातळ चकत्या, कुस्करलेलं पनीर, फेटलेला चक्का, साल्सा. बारा मिनिटांत पोटभर जेवण होतं, त्यात अंडं-मांस काही नाही, आणि लहान मुलं निमूट खातात.

भाजी खाणाऱ्यांसाठी कालाबासितास. झुकिनीच्या फोडी, नाहीतर अगदी कोवळ्या दुधीच्या, एका कणसाचे दाणे, चिरलेला टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची. कांदा परता, दाणे टाका, मग झुकिनी आणि टोमॅटो, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. पाणी घालू नका, दुधी असेल तर तो स्वतःच भरपूर सोडतो. फोड अख्खी राहिली पाहिजे. उतरवताना पनीर आणि ओरेगानो. हीच भाजी टॉर्टियात भरली की टाको.

राहास, म्हणजे भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या, करायला तिकडे पोब्लानो मिरची लागते. आपण दोन ढोबळ्या आणि एक भज्याची जाड मिरची घेऊ. गॅसच्या ज्योतीवर वांग्यासारख्या भाजा, झाकून ठेवा, साल काढून लांब चिरा. कांदा आणि मक्याच्या दाण्यांबरोबर परतून गॅस बंद केल्यावर चार चमचे चक्का मिसळा. चालू गॅसवर घातला तर फाटतो.

थंडी-पावसात टॉर्टियाचं सूप. वर सांगितलं तसा दीड कप साल्सा तेलात तळून घ्या, त्यात चार कप राजम्याचा पातळ केलेला रस किंवा भाज्यांचं, कोंबडीचं पाणी, दहा मिनिटं उकळा. शिळ्या टॉर्टियाच्या पट्ट्या तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये १८० अंशांवर बारा मिनिटं कुरकुरीत करा. ओव्हन नसेल तर तव्यावर मंद आचेवर. वाटीत आधी पट्ट्या, वर सूप, मग पनीर आणि लिंबू. उलट क्रमाने वाढलं की पट्ट्या नुसत्या वर तरंगतात.

कोंबडी खाणाऱ्यांना तिंगा. पुएब्लाकडचा पदार्थ. उकडलेली कोंबडी हाताने पिंजा. दोन कांदे लांब चिरून तांबूस परता, भाजलेले टोमॅटो आणि एक-दोन चिपोत्ले वाटून ओता, आटलं की कोंबडी. मासळीला वेराक्रूसची पद्धत: टोमॅटो, कांदा, लसूण, तमालपत्र, मूठभर हिरवी ऑलिव्ह आणि थोडे केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या) यांचा सैल रस्सा करून त्यात सुरमईच्या तुकड्या दहा मिनिटं झाकून शिजवायच्या. ऑलिव्ह खारट असतात, मीठ अगदी शेवटी. कोकणातल्या माणसाला तिरफळाशिवाय रस्सा पटणं कठीण, पण एकदा करून बघाच.

ग्वाकामोले, म्हणजे आव्होकाडोची चटणी, मुद्दामच शेवटी. आव्होकाडोचं आगर म्हणजे मिचोआकान राज्य, तिथे ते रोजचं खाणं. आपल्याकडे एका फळाचे पैसे बघून रोज परवडत नाही. आणाल तेव्हा देठाजवळ दाबून किंचित मऊ लागणारं आणा. कांदा, मिरची, मीठ आधी ठेचून घ्या, मग गर जाडसर मोडा, लिंबू, कोथिंबीर. दही नको, मेयोनीज तर नकोच. बी आत ठेवल्याने काळं पडत नाही हा नुसता समज आहे. हवा लागू न देणं हाच उपाय. वर प्लॅस्टिक चिकटवून झाका.

हॉटेलात शाकाहारी मंडळींनी जरा सांभाळून. मेक्सिकोत परतून घोटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि लाल भातात कोंबडीचं पाणी. विचारून घ्या. घरी अर्थात हा प्रश्नच नाही: तांदूळ तेलात पांढरे-अपारदर्शक होईपर्यंत परता, गाळलेली टोमॅटोची प्युरी घालून आटवा, मग पाणी, आणि झाकण.

जगमधलं फळाफुलाचं पाणी

कोकाकोलाच्या जागी जमाइका करा. लाल अंबाडीच्या फुलांमागची मांसल, वाळवलेली लाल पाकळी, तीच ही. आपण अंबाडीची पानं भाकरीबरोबर खातो आणि बोंडं बहुतेक वाया घालवतो. वाळलेली अर्धी वाटी बोंडं लिटरभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवा, गाळा, आणखी अर्धा लिटर थंड पाणी मिसळा. साखर दोन चमच्यांपासून सुरू करा. तिकडच्या हॉटेलांतला गोडवा धरून चालू नका. चिंचेचंही असंच पाणी करतात, आणि चिया घातलेलं लिंबाचं. चिया मूळची मेक्सिकोचीच. तिच्याऐवजी सब्जा घातला तर चालतो, बी वेगळी असली तरी काम तेच.

उरलंसुरलं

शिळ्या टॉर्टिया टाकू नका. चौकोनी तुकडे करून सुपाच्या पट्ट्यांसारखेच भाजून ठेवा. सकाळी कढईत साल्सा तळा, थोडा राजम्याचा रस घालून सैल करा, उकळताना तुकडे टाका, दोनदा हलवा आणि लगेच ताटात घ्या. वर कांदा, पनीर, हवं तर अर्धउकडलेलं अंडं. हे चिलाकीलेस, तिथला रविवारचा आवडता नाश्ता. सगळे टेबलाशी बसल्याशिवाय तुकडे साल्सात टाकू नका. पाच मिनिटांत त्यांचा लगदा होतो.